एक नंबरचं बटण

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी गाडी दहा मिनिटं चालू ठेवत असे. चालवत नसे, नुसती चालू ठेवत असे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरला लागून पत्र्याची शेड होती. टाउनशिपच्या नियमात ती बसत नव्हती, पण नियमात न बसणारी शेड सगळ्यांकडेच होती. कुणाची स्कूटरसाठी, कुणाची म्हशीसाठी. आमच्या शेडमध्ये जपानी गाडी होती, आणि त्यामुळे अख्ख्या रस्त्यावर आम्ही विनाकारण श्रीमंत ठरलो होतो.

गाडीचं नाव लिहीत नाही. जे घडलं त्यात गाडीचा दोष होता असं मला म्हणायचं नाही, आणि कुणाचा होता हे मला अजून कळलेलं नाही.

मोतिया पांढरा रंग, बुटकी, लांबोडकी. दरवाज्यांच्या काचांना चौकट नव्हती, मधला खांबही नव्हता; चारही काचा खाली केल्या की बाजू मोकळ्या व्हायच्या. आत मरून मखमलीच्या सीटा. वेगाला काटा नव्हता, हिरवे आकडे उमटत. मी चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, भट्टीचं तापमान आणि वायूचा दाब काट्यावर वाचत आलो. काटा नसलेल्या मीटरवर माझा जीव बसत नाही. माझ्या मुलानं, अरुणकुमारनं, गाडीसोबत एक रंगीत माहितीपत्रक आणलं होतं. त्यावर समुद्र होता आणि गाडीला टेकून उभा असलेला एक कोवळा पोरगा. खाली जपानी अक्षरं होती.

“काय लिहून हाय हे?” मी विचारलं होतं.

“जिसको बाप जैसी गाडी नहीं चाहिए, उसके लिए,” अरुण म्हणाला आणि हसला. मीही हसलो. तेव्हा आम्ही अजून हसत होतो.

अरुण अठ्ठ्याऐंशी साली जपानला गेला, जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या एका फर्ममध्ये. नव्वदच्या शेवटी परतला तेव्हा परदेशी राहून आलेल्यांना जी सवलत असायची तिच्यात ही गाडी घेऊन आला. रजेवर आलोय म्हणाला. तीन महिन्यांनी कळलं की रजा वगैरे काही नाही, तो नोकरी सोडूनच आला होता. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, “आपल्या घरात खोटं चालत नाई, अरुण. कधीच चाललं नाई.” त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी दुर्ग स्टेशनबाहेर सापडली. किल्ली गाडीतल्याच पायपुसण्याखाली होती. चोवीस वर्षांचा पोरगा कुठल्या गाडीत बसला, कुठे उतरला, काही पत्ता लागला नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, पेपरात फोटो झाला. अडीच वर्षं झाली.

आता त्या बटणाबद्दल सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला तीन बटणं होती: सेट, एक, दोन. आपल्याला सोयीची सीट करून घ्यायची, सेट दाबून धरायचं, वरून एक नंबर दाबायचा. मग सीट कुणीही कुठेही सरकवो, एक दाबलं की मोटर घुर्र करत ती बरोबर आपल्या जागी येऊन थांबे. एक नंबरवर अरुणची जागा होती. दोन नंबर कोरा होता. त्या घरात गाडी चालवणारा दुसरा कोणी नव्हताच. मी सायकलवर कारखान्यात गेलो आणि सायकलवरच परत आलो.

गाडी स्टेशनवरून आणून देणारा टिकाराम, सुपेल्याच्या बाजारातला ऑटो इलेक्ट्रिशियन, त्यानं त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “साहेब, बॅटरी मरू देऊ नोका. बॅटरी मेली की मेमरी पुसली. मंग एक नंबर दाबाल तर काईच नाई होनार.”

हे माझ्या बायकोनं, वसुंधरानं, ऐकलं. तेव्हापासून रविवार ठरला. ती मागच्या सीटवर डावीकडे बसायची, मांडीवर लोकरीची पिशवी. मी सीट मागच्या टोकाला नेऊन ठेवलेली असायची. इंजिन चालू करून मी उतरायचो आणि उघड्या दारातून हात घालून एक नंबर दाबायचो. घुर्र आवाज करत रिकामी सीट पुढे यायची आणि थांबायची, एखादा माणूस नीट सावरून बसावा तशी. वसुंधरा डोळे मिटायची. दहा मिनिटं इंजिन चालायचं. मग मी सीट परत मागे न्यायचो, इंजिन बंद करायचो आणि आम्ही चहा प्यायचो. लोकांनी याला वेड म्हटलं असतं. मी बॅटरीची देखभाल म्हणत असे.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरमधला पहिला रविवार. सीट थांबली आणि वसुंधरानं डोळे उघडले.

“आज जवळ बसला.”

“कोन?”

“कोन म्हंजे? अरुण. स्टेरिंगच्या जवळ बसला जरा.”

मी हसलो नाही, पण स्टीलची पट्टी आणली. गाडी पहिल्यांदा आणली त्या दिवशीच मी माप घेऊन ठेवलं होतं. का, ते विचारू नका, माझ्या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं माप माझ्या वहीत आहे. ब्रेकच्या पायपट्टीपासून सीटच्या पाठीच्या बुडापर्यंत नऊशे साठ मिलिमीटर. त्या रविवारी भरलं नऊशे पंचावन्न.

पाच मिलिमीटर. डोळे मिटून बसलेल्या बाईला पाच मिलिमीटर कळले कसे, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. मला पडला तो दुसराच: फरक कशामुळे? मोटर झिजली असेल, आतला संपर्क घाण झाला असेल. यंत्र म्हटलं की थोडं सरकायचंच. मी वहीत आकडा लिहिला आणि विसरलो.

पुढच्या रविवारी नऊशे पंचेचाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी नऊशे वीस.

मी टिकारामला बोलावलं. त्यानं सीट उचकटली, वायरी तपासल्या, नाक खाजवलं.

“मोटर ठीक हाय साहेब, वायरिंग ठीक हाय. एक नंबरची जागा बदलाची तर सेट दाबूनच बदलते. कोनीतरी दाबून राहिलं.”

“चाबी माझ्या टिफिनमधे असते. मी प्लांटमधे नेतो रोज.”

“मंग तुमीच दाबून राहिले असान,” तो हसला. मी काही हसलो नाही, तेव्हा त्यानं पाने आवरले.

त्या दिवसापासून मी शेडच्या कडीला तार ओवून शिशाचं सील ठोकलं, कारखान्यात मीटरला ठोकतो तसं, माझ्याच पक्कडीनं. त्या पक्कडीचा ठसा भिलाईत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. रविवारी सील जसंच्या तसं होतं. एक दाबलं. सीट आली, थांबली. आठशे नव्वद.

वसुंधरा विणत होती. निळा स्वेटर, अरुणसाठी, थंडीच्या आत पुरा करायचा होता. माझं लक्ष गेलं, तिनं पाठ पुन्हा उसवली होती आणि नव्यानं टाके घालत होती.

“कावून उसवून राहिली?”

“मोठा होते त्याले,” ती म्हणाली.

मी तिला एकही आकडा सांगितलेला नव्हता. वही माझ्या टेबलाच्या खणात होती आणि तिला माझ्या वह्यांचा तिटकारा होता. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारची पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळत होती, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये एका रिकाम्या सीटकडे पाठ करायला घाबरत होतो.

ऑक्टोबरअखेर मी रिटायर होणार होतो. क्वार्टर सोडून दिवाळी नागपूरला करायची, असं ठरलं होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सीट आठशे पस्तीसवर थांबली, आणि दुपारी वसुंधरानं मला कामाला लावलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या रेघा कागदावर उतरवून द्या, म्हणाली. क्वार्टर सोडल्यावर रंगवून टाकतील.

त्या रेघा माझ्याच. अरुणच्या प्रत्येक वाढदिवसाला, अकरा जुलैला, त्याची आई त्याला तेल लावून न्हाऊ घालायची, मग तो ओल्या पायांनी येऊन चौकटीला पाठ लावून उभा राहायचा. मी त्याच्या टाचांखाली पोस्टकार्ड सरकवून बघायचो. कार्ड आत गेलं तर टाचा उचललेल्या. “टाचा टेकव,” मी ओरडायचो. मग डोक्यावर काटकोनी गुण्या धरून पेन्सिलीची रेघ आणि सेंटिमीटर. प्रत्येक रेघेखाली हिरव्या रंगावर पिवळट डाग राहिला होता, तेलकट डोक्याचा. फक्त नवव्या वाढदिवसाच्या रेघेखाली नव्हता. तिथे रंग कोरा होता.

मी वरून खाली आकडे उतरवत गेलो. अठरा वर्षांचा, एकशे बहात्तर. सतरा, एकशे एकाहत्तर. सोळा, एकशे एकोणसत्तर. पंधरा, एकशे चौसष्ट. इथे माझा हात थांबला. एक, दोन, पाच, याच प्रमाणातले फरक मी अलीकडेच कुठेतरी लिहिले होते.

वही आणली. सीट पाच मिलिमीटर सरकली होती, मग दहा, मग पंचवीस, मग तीस, पुन्हा तीस, मग पंचवीस. उंचीचा एक सेंटिमीटर म्हणजे सीटचे पाच मिलिमीटर. कुठे एका मिलिमीटरची चूक नाही. दर रविवारी सीट चौकटीवरची एकेक रेघ उतरत होती. सकाळी ती जिथे थांबली होती, तिथे बारा वर्षांचा मुलगा बसला असता तर त्याचे पाय ब्रेकला पुरले असते.

मी खुर्चीत बसलो. वसुंधरानं विचारलं, “झालं का उतरवून?” मी म्हणालो, “होते.”

अकरा वर्षांच्या रेघेप्रमाणे पुढच्या रविवारी आठशे पाच यायला हवं होतं. आठशे पाच आलं. त्याच्या पुढच्या रविवारी दसरा होता. वसुंधरानं गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाला हळदकुंकू लावलं, एक दाबल्यावर सीटवर आपट्याचं पान ठेवलं. सातशे पंचाहत्तर. दहा वर्षांचा. तिनं विणलेला स्वेटर उलगडून सीटच्या पाठीला लावून पाहिला आणि मान हलवली. मला ओरडावंसं वाटलं आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. मी पट्टी पुसून खिशात ठेवली.

आता पुढचा रविवार नवव्या रेघेचा. आणि ती रेघ खोटी होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कारखान्यात दर तासाला रीडिंग घेऊन लॉगशीटमध्ये लिहायचं असतं. एखादं राहिलं तर कोणी बोंब मारत नाही. मागचे आकडे बघायचे, काटा कसा चालला आहे ते बघायचं, आणि बसेल असा आकडा भरून टाकायचा. सगळे करतात. मी नव्या पोरांना ते शिकवलंही आहे. पंच्याहत्तर सालच्या अकरा जुलैला भट्टी बंद होती, दुरुस्ती चालू होती, मी सोळा तास आत होतो. अरुण न्हाऊन, तेल लावून चौकटीला उभा राहिला आणि माझी वाट बघत तिथेच बसून झोपला. मी पहाटे आलो. मागच्या दोन वर्षांत तो सहा-सहा सेंटिमीटर वाढला होता. मी एकशे चोवीसमध्ये सहा मिळवले, रेघ मारली, एकशे तीस लिहिलं आणि झोपलो. सकाळी तो रेघ बघून नाचला. “झोपेत मोजलं बाबांनी मले,” असं सगळ्यांना सांगत सुटला.

त्या उन्हाळ्यात त्याला टायफॉइड झाला होता. आठवड्याभरानं शाळेत तपासणी झाली, तिथे भरले एकशे सत्तावीस. पोरगा सरांशी भांडला, माझ्या बाबांनी एकशे तीस मोजलंय, बाबा प्लांटमध्ये मोजतात. सरांनी पुन्हा उभं केलं. तेव्हा त्यानं एकशे तीस भरावेत म्हणून हळूच टाचा उचलल्या. सरांनी पाहिलं आणि सगळ्या वर्गासमोर छड्या मारल्या, खोटं माप देतो म्हणून. घरी येऊन त्यानं वळ दाखवले आणि विचारलं, “बाबा, बरोबर कोनाचं?”

मी म्हणालो, “शाळेची पट्टी खराब असन.”

एवढंच. एक वाक्य खरं बोलायचं होतं आणि मी बोललो नाही. अठरा वर्षं ते माझ्या छातीत अडकून आहे. त्याला नंतर कधीतरी कळलं असणार. रेघेखाली डाग नव्हता, त्यालाही डोळे होते.

त्या आठवड्यात मी झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. हिशेब सरळ होता आणि मी तो मनात हजारदा केला. खरी उंची एकशे सत्तावीस; सीट सातशे पस्तीसवर थांबायला हवी. खोटी रेघ एकशे तीस. तर सातशे पन्नासवर. सातशे पस्तीस आलं तर तो अरुण. मग वसुंधरा म्हणते ते सगळं खरं, तो कुठेतरी आहे आणि आपल्याकडे यायला निघाला आहे, अशा वाटेनं का होईना; मग मी क्वार्टर सोडणार नाही, दंड भरीन, पोलिसांनी सामान बाहेर टाकेपर्यंत बसून राहीन. पण सातशे पन्नास आलं तर सीटवर बसणारं जे काही आहे ते माझा मुलगा नाही. एकशे तीस सेंटिमीटरचा नऊ वर्षांचा अरुण या जगात कधी नव्हताच. तो मी बनवला होता. आणि माझ्या बायकोला त्याच्याबरोबर मी एक रविवारही बसू देणार नव्हतो.

शनिवारी कारखान्यात माझ्या निरोपाचे हार, नारळ, भाषणं झाली. “खोडके साहेबांचं रीडिंग म्हणजे ब्रह्मवाक्य,” असं कोणीतरी म्हणालं. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होतो.

रविवार, एकतीस ऑक्टोबर. सील शाबूत. पत्र्यावर ऊन तापू लागलं होतं. वसुंधरा मागे बसली. आज विणकाम नव्हतं. स्वेटर पुरा झाला होता आणि घडी करून तिच्या मांडीवर होता, एवढासा. शेजारी खोबरेल तेलाची वाटी.

“हे कावून आनलं?”

“रविवार हाय. डोकं नको का चोपडाले?” ती म्हणाली.

इंजिन चालू केलं. हिरवे आकडे उमटले. मी उतरलो, दारातून हात घातला.

एक.

सीट निघाली. घुर्र. आठशे पाचची जागा गेली. सातशे पंचाहत्तरची गेली. आता ती पुढच्या टोकाजवळ आली होती, आणि मी मनात म्हणत होतो, अजून, अजून जा, अजून थोडी.

थांबली.

मी गुडघ्यावर बसलो. पट्टी लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा डोळा पट्टीच्या अगदी समोर आणून वाचलं.

सातशे पन्नास.

मी सीट मागे नेऊन पुन्हा एक दाबलं. सातशे पन्नास.

“बरोबर आला का?” मागून वसुंधरानं विचारलं. तिचा आवाज इतका आनंदी होता की मला ऐकवेना.

“बरोबर,” मी म्हणालो. त्याच मापाबद्दल दुसऱ्यांदा खोटं बोललो.

“मंग किती दिवस गाडीत बसवता त्याले? आज शेवटचा रविवार.” ती उतरली, फिरून ड्रायव्हरच्या बाजूला आली. मी दारातच होतो, मला हातानं बाजूला केलं. उघड्या दाराशी वाकली, वाटीत बोटं बुडवली आणि सीटच्या वर, हवेत, हात फिरवला. घाईनं नाही. कानामागेसुद्धा. मग बाजूला झाली, वाट दिल्यासारखी.

“चाल बाबू. पाय धुवून घे आंधी.”

मागच्या दाराबाहेरच्या ओट्यावरचा नळ सुटल्याचा आवाज आला. काही वेळानं बंद झाला. ती आत गेली.

मी शेडमध्ये एकटा उभा होतो. सीट माझ्यासमोर रिकामी होती. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता, माझाच. माझ्या आळसातून निघालेलं ते काहीतरी माझ्या मुलाच्या जागेवर बसलं होतं आणि माझी बायको त्याला तेल लावत होती. मी इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. दहा नंबरचा पाना लावून बॅटरीची वायर सोडवली आणि बाजूला धरून ठेवली. पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. मग परत जोडली. किल्ली फिरवली आणि एक दाबलं.

काहीच झालं नाही. मेमरी पुसली गेली होती.

बरं वाटलं. खरं सांगतो, फार दिवसांनी बरं वाटलं. हात पुसले आणि मागच्या दारानं घरात गेलो. वसुंधराला सगळं सांगायचं ठरवलं होतं: पंच्याहत्तर साल, लॉगशीट, शाळेची पट्टी, सगळं.

ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. रवा भाजल्याचा वास येत होता. शिरा. आमच्याकडे वाढदिवसाला करतात.

“वसुंधरा,” मी म्हणालो.

“थांबा, आंधी मोजून घ्या त्याले,” ती न वळता म्हणाली. “केव्हाचा उभा हाय.”

मी चौकटीकडे पाहिलं.

नवव्या रेघेखाली डाग होता. पिवळा नव्हता अजून, ताजा होता, चकाकत होता. वरची कड रेघेला बरोबर टेकलेली. मी बोट लावलं. खोबरेल.

एकशे तीस. खोटंच. मी मनाशी म्हणालो, बघ, खोटंच आहे हे, ठीक केलंस तू.

मग मी खाली पाहिलं.

लाल कोब्यावर, चौकटीला लागून, दोन ओली पावलं उमटली होती. माझ्या तळव्यापेक्षा लहान. कडेनं वाळत चालली होती. मी खाली वाकलो, सवयीनं हात खिशात घातला, पोस्टकार्ड नव्हतं. त्याची गरजही नव्हती. पाच बोटं आणि पुढचा चवडा, पाच बोटं आणि पुढचा चवडा.

टाचा कुठेच टेकलेल्या नव्हत्या.